आक्कांच्या हातावरचे पट्टे

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी डब्याच्या चपात्या लाटत होते. भाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर, कधी फोन करत नाहीत. काही सांगायचं असलं की आक्काच करायच्या, आणि भाऊजी मागून "माझं बी नमस्कार सांग" म्हणायचे. त्यामुळे पडद्यावर त्यांचं नाव बघूनच मला कळायला हवं होतं. "सुनंदा, ही उठंना झालीया," ते म्हणाले. एवढंच. मी गॅस बंद केला, अर्धी चपाती पोळपाटावर तशीच ठेवली आणि नवऱ्याला म्हणाले, गाडी काढा. रंकाळ्याच्या कडेनं जाताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. उद्या आमच्या बालवाडीचं गॅदरिंग आहे, आक्कांचे रंग झाले असतील का? माणसाचं डोकं अशा वेळी कुठं जाऊन बसेल याचा नेम नाही. माझं तिथं जाऊन बसलं, आणि बरेच दिवस तिथून हललं नाही.

आक्का माझ्या थोरल्या जाऊ. माहेर गडहिंग्लजचं, त्यामुळे प्रेम मराठीत आणि राग कानडीत. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा त्यांच्या आवाजालाच घाबरले होते. भाजीवाल्याशी बोलत असल्या तरी शेजारीण खिडकीत यायची, काय भांडण झालं म्हणून. स्वयंपाकात कुणी लुडबुड केलेली खपायची नाही, दुसऱ्याच्या स्वयंपाकात स्वतः लुडबुड केल्याशिवाय राहवायचं नाही. माझ्या बालवाडीशी खरं तर त्यांचा काही संबंध नव्हता. पण एका वर्षी गॅदरिंगला बघायला म्हणून आल्या आणि पडद्यामागं शिरल्या. मी दुकानातून आणलेले रंग मुलांच्या गालांना लावत होते. सशाचं काम करणारी एक चिमुरडी गाल खाजवून रडकुंडीला आली होती, गाल लालबुंद. आक्कांनी माझ्या हातातली डबी घेतली, हुंगली आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ह्यो कसला गं रंग? दारं रंगवायलीस का पोरं?" मग पोरीचं तोंड स्वतःच्या पदरानं पुसलं, पर्समधलं खोबरेल तेल लावलं, आणि ससा बिनरंगाचाच स्टेजवर गेला. मला इतका राग आला होता म्हणून सांगू... घरी येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलंच नाही, कारण त्या वाटभर एकट्याच बोलत होत्या.

पुढच्या वर्षापासून रंग त्यांच्याकडे गेले. मी दिले नाहीत, त्यांनी घेतले. नियम एकच: "पोटात चालतंय तेच तोंडाला लावायचं." पांढऱ्यासाठी तूप. साधं नाही, धुतलेलं. तांब्याच्या परातीत तूप घ्यायचं, वर गार पाणी ओतायचं, तळहातानं घोळत राहायचं, पाणी काढून टाकायचं, पुन्हा नवं घालायचं. असं करत करत तुपाचा वास जातो, पिवळेपणा जातो आणि हाताला लागतं ते पांढरंशुभ्र मलम. त्यात आरारूट कालवायचं. मी एकदा सोपं व्हावं म्हणून सुचवलं होतं, आक्का, देवघरात विभूती आहे की, तीच लावू सशाला. "कपाळाची विभूती सशाच्या बुडाला लावतीस व्हय!" यानंतरचं सगळं कानडीत झालं. तांबड्यासाठी बीट उकळून दाट केलेलं, हिरव्यासाठी पालक, काळ्यासाठी दिव्यावर धरलेलं काजळ. निळा रंग काही जमत नव्हता आणि कृष्ण तर दरवर्षी असायचाच. शेवटी कुणाच्या तरी कुंपणावर गोकर्णाची फुलं दिसली. त्यानंतर शेजारपाजारच्या एकाही कुंपणावर फूल म्हणून राहिलं नाही.

पिवळा तर सगळ्यात सोपा, हळद. आणि घोटाळा तिथंच झाला. त्या वर्षी वाघांचा नाच होता. वाघ झकास रंगले, टाळ्या पडल्या, पोरं घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन-तीन आया आक्कांच्या दारात. त्यातली एक तर रडतच होती, "लेकराचं तोंड भाजलंय ओ, बघा!" घरी गेल्यावर त्यांनी पोरांची तोंडं साबणानं घासली होती, आणि हळदीला साबण लागला की ती लालभडक होते. आम्हा कुणाच्याच हे लक्षात आलं नव्हतं. मला पाया पडून मोकळं व्हावं असं वाटत होतं. आक्का आत गेल्या, बाहेर आल्या त्या स्वतःच्या गालाला हळद फासून. तिथंच, त्या बायांच्या देखत साबण चोळला. गाल लाल. मग लिंबू पिळलं. गाल पुन्हा पिवळा. "आता सांगा, माझं तोंड भाजलंय काय? घरात येवढी हळद खाताय, कुंकू कशाचं हुतंय ते म्हाईत न्हाय?" ती रडणारी बाई हसायलाच लागली. चहा पिऊन गेल्या सगळ्या. तेव्हापासून पालकांना आमची एकच सूचना असते: रंग तेल आणि डाळीच्या पिठानं काढा, साबण लावू नका. आक्का त्यात स्वतःची भर घालायच्या, "साबण लावलासा तर माझ्या दारात यायचं न्हाय."

पण एवढं सगळं खाण्यातलं असूनही त्यांची खात्री स्वतःच्या कातडीवर व्हायची. गॅदरिंगच्या आदल्या दिवशी केलेले सगळे रंग डाव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत आतल्या बाजूनं, बोटानं ओढायच्या. पिवळा, तांबडा, हिरवा, निळा, पांढरा. काजळाचा पट्टा तेवढा नसायचा, ते रोज डोळ्यांत असायचंच. तसंच जेवायचं, तसंच झोपायचं. अंथरुणाला रंग लागतो म्हणून भाऊजी कुरकुरायचे. सकाळी उठल्या उठल्या भाऊजींच्या नाकासमोर हात धरायचा, मग मला फोन, "हात काय बोलला न्हाय गं. लाव पोरांना." खाज नाही, पुरळ नाही, असा त्याचा अर्थ. यंदा पोरं जास्त होती म्हणून त्यांनी रंग एक दिवस आधीच केले होते.

आम्ही पोचलो तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच गेल्या, म्हणाले. गडहिंग्लजहून त्यांची धाकटी बहीण आली आणि मग आम्ही बायकांनी आंघोळ घालायला घेतली. हात उघडा केला, तर त्यावर पट्टे. पाची रंग जिथल्या तिथं. बहीण रडत होती, तिचं लक्ष नव्हतं. तिनं साबण लावला आणि पिवळा पट्टा लाल झाला. ती किंचाळली, "अय्यो, हात भाजलाय हिचा! काय झालं हुतं हिला? कुणी सांगितलं का न्हाय?" बाहेरून भाऊजींचा आवाज आला, काय झालं, काय झालं... मी म्हणाले, "हळद आहे ती. साबण लावू नका." माझा आवाज मला परका वाटला, वर्गात सूचना देतात तसा. मी स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर वाट्या ओळीनं ठेवलेल्या, वर झाकणं. तेलाची बाटली घेतली, डाळीच्या पिठाचा डबा घेतला, परत आले आणि एकेक पट्टा पुसून काढला. हळू पुसला, पोरांचं पुसतात तसा. विभूती लावली, फुलं आली, माणसं आली. सगळ्यांनी रडून घेतलं. मला रडू आलं नाही. माझ्या आत काहीही झालं नाही, हे मी स्पष्टच लिहिते. नंतर भेटायला येणाऱ्या बायका माझ्या डोळ्यांकडे बघायच्या, "मोकळी हो गं" म्हणायच्या. मला त्यांचा राग यायचा, तोही थोडाच. चहा करायचे, कप विसळायचे, वर्गात गाणी म्हणायचे. जेवणाला चव नव्हती, पण जेवत होते.

गॅदरिंग पुढं ढकललं होतं. ते जवळ आलं तेव्हा सहकारी बाई म्हणाल्या, यंदा मुखवटे करू या, कागदाचे. काहीच हरकत नव्हती. मी हो म्हणाले, आणि घरी जायच्या ऐवजी भाऊजींकडे गेले. परात मागितली. त्यांनी ती घासून पुसून दिली, काही विचारलं नाही. मी तूप धुवायला बसले. किती पाण्यानं धुवायचं हे मी कधी विचारलंच नव्हतं, त्या असताना कशाला विचारेन? हात गार पडून बधिर होईपर्यंत घोळत राहिले. आक्कांइतकं पांढरं झालं नाही. निळाही फिकट झाला. सगळे रंग डाव्या हातावर ओढले आणि झोपले.

सकाळी फोन वाजला. भाऊजी.

"हात काय बोलला का गं?"

मी हात खिडकीशी धरून बघितला. "न्हाय, भाऊजी. काय बोलला न्हाय."

मी फोन ठेवणार होते, तेवढ्यात ते म्हणाले, "ती बी काय बोलली न्हाय गं त्या रात्री. मी शेजारीच हुतो की. मला उठवायचं तरी."

त्यांना खूप काही सांगायला हवं होतं, डॉक्टर झोपेतच गेल्या म्हणाले होते, आक्कांना कळलंसुद्धा नसेल, असं काहीतरी. मी म्हणाले, "भाऊजी, गॅदरिंगला या. पडद्यामागं बसा. रंग लावायला माणूस कमी आहे." ते आले. सशाचे गाल त्यांनी रंगवले. ससा जरा वाकडा झाला, पण गाल खाजवले नाहीत कुणी.

माझ्या हातावरचे बाकीचे पट्टे दुसऱ्या दिवशी तेल आणि पिठानं निघाले. हळदीचा मागं राहिला, फिकट. तो काही दिवसांत आपोआप गेलाच असता, गेलाही. पण अजून मोरीत हात धुताना उजव्या हातात साबण येतो आणि डावा हात आपसूक मागं जातो. नळ वाहत राहतो. मी तशीच उभी असते, पाण्यात न घातलेला तो हात पदरात गुंडाळून.