मालकिणीनं पाठवलेलं पोतं

मी आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. हे मी कधी लपवलं नाही, लपवण्यासारखं त्यात काही नाही. निकाल लागला आणि अमरावतीहून ट्रंक घेऊन गावी आलो. गाव आमचं बार्शीटाकळीच्या बाजूला. बौद्ध होऊन आम्हाला तीन वर्षं होत आली होती.

सकाळी बाबा अंगणात दोर वळत बसले होते. मी बाजेवर नोकरीचा अर्ज लिहीत होतो. तेवढ्यात, बाबा ज्यांच्या वाड्यावर राबत त्या मालकांचा गडी आला. हातात तोंड बांधलेलं पोतं आणि आतून बारीक म्यांव म्यांव.

"घे बुढ्या," तो म्हणाला. "कापसाच्या खोलीत लय वर्सानं मांजर व्याली. बाईनं सांगतलं, नेहमीसारखं करजो."

बाबांनी हात पुढे केला नाही.

"नेहमीसारखं म्हणजे?" मी विचारलं.

गडी हसला. "घ्या. येवढा बीए झाला अन् बाप काय करते ते माईत नाही. डोहात सोडते."

मला वाटलं, थट्टा करतो आहे. लहानपणी अशी पोती येत, हे मला आठवत होतं. बाबा ती घेऊन नदीकडे जात आणि आल्यावर सांगत, पल्याडच्या मळ्यात सोडली, तिथी उंदरं लय आहेत. माझा बाप शिकला नाही पण जिवाला जपतो, असं मी कॉलेजात मित्रांना सांगत असे.

"खरं आहे, बाबा?"

"खरं हाय." दोर वळणं थांबलं नव्हतं.

"मग तुमच्या मालकानं स्वतः का नाही बुडवायचं?" मी गड्यावर ओरडलो.

"मालकाच्या हातून मांजर मेलं तं काशीले सोन्याचं मांजर द्या लागते," तो म्हणाला. "तुमच्या हातून मेलं तं काही नाही लागत."

त्यात कुचेष्टाही नव्हती. बैलाला किती कडबा लागतो ते सांगावं, तसं त्यानं सांगितलं.  

बाबा बोलले. "बाईले सांगजो, आता मी नाही करत. दीक्षा घेतली तवा जीव मारणार नाही म्हून शब्द देल्ला म्या."

"मंग हे कुठी नेऊ? माह्यावर काऊन पाप टाकतं?"

"ठेव तिथी."

"बाई चिडन. जुने कपडे-गिपडे बंद होतीन तुमचे."

"होऊ दे."

गडी पोतं टाकून गेला. बाबा उठले. जन्मभर दोर वळलेल्या माणसाला ती गाठ सुटेना; शेवटी विळ्यानं कापली. आत तीन पिलं होती. दोन घुसमटून मेली होती. तिसरं तांबूस, डोळे नुकते उघडलेलं, धडपडत होतं. मायनं शेळीच्या दुधात चिंधी भिजवून आणली. बाबांनी ती पिलाच्या तोंडापर्यंत नेली आणि थांबले.

"तू पाज," मला म्हणाले. "माह्याच्यानं नाही होत."

मेलेला बैल ओढून नेणारा माणूस. त्यांच्या तोंडून असं मी कधी ऐकलं नव्हतं.

पिलू मी मांडीवर घेतलं. बराच वेळ ते चिंधी तोंडात घेईना, मग चोखू लागलं. बाबा कुदळ घेऊन मेलेली दोन पुरायला मागं गेले.

"आजवर किती झाली असतील?" मी बसल्या जागेवरून विचारलं.

"माईत नाही." कुदळीचा आवाज पुन्हा सुरू झाला.

पिलू जगलं. पुढे अकोल्याला नोकरी लागली तेव्हा मी ते सोबत नेतो म्हणालो. बाबांनी नेऊ दिलं नाही.

"तुले दुसरं भेटन," ते म्हणाले. "हे इथीच राहू दे."