साच्यात न बसलेल्या ओळी

रुग्णालयाच्या संगणक विभागात त्याला सगळे 'साचेवाले' म्हणत. नर्सेसनी साध्या मजकुरात लिहिलेल्या रुग्णांच्या नोंदींचे फोल्डर तो एक्सएसएलटी नावाच्या संगणकी साच्यातून काढायचा. नाव, ताप, औषध आपापल्या चौकटीत बसायचं. साच्यात न बसणारी ओळ म्हणजे फाफटपसारा, ती गाळायची, आणि शेवटी मूळ फायली पुसायच्या, हा नियम त्याचाच.

बायको तिथेच नर्स होती. ती वारल्यावर त्याने तिच्या पाळ्यांच्या नोंदी उघडल्या. ताप होता, औषधं होती. 'आजी आज दोन घास जेवल्या, मुलाची वाट पाहतात' असलं ती रोज लिहायची. त्यातलं अक्षरही उरलं नव्हतं.

"साचा कुठे चुकला का हो?" शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं.

"नाही ना," तो म्हणाला. "कुठेच चुकला नाही."