अर्धं अडकलेलं चित्र

गाळ काढायच्या त्या बोटीवर त्याला सगळे वायरमन म्हणत. खाडीच्या तोंडाशी गाळ साचला आणि मोठी जहाजं आत येईनाशी झाली की ही बोट तिथे जाऊन नांगर टाकायची आणि महिनोन्महिने तळ उपसत बसायची. किनारा समोर दिसायचा, पण त्याचा उपयोग काही नाही. दिवे, पंपांच्या मोटारी, जनरेटर हे सगळं वायरमनच्या अंगावर. माणूस कामाला वाघ, पण बोलायला महाग. याच्या पोटातला शब्द काढायचा तर आपलाच पंप लावावा लागेल, असं आचारी म्हणायचा.

त्याच्या घरी बोलायचं काम तोंडाचं नव्हतंच, हातांचं होतं. त्याची थोरली बहीण जन्मापासून ठार बहिरी. तो वर्षाचा असताना आई गेली. वडील दिवसभर छापखान्यात. नऊ वर्षांनी मोठ्या असलेल्या ताईनंच त्याला न्हाऊमाखू घातलं, भरवलं, फटकेही दिले. त्यामुळे तो आधी हातांनी बोलायला शिकला आणि मग तोंडानं. ताई शाळेत कधी गेली नाही, तेव्हा शाळेत शिकवतात तशी खुणांची भाषा तिला ठाऊक नव्हती. होती ती घरातच तयार झालेली. अंगठ्यानं बोटांची शाई पुसली की वडील. मूठ पुढेमागे फिरवली की शेजारची इस्त्रीवाली. नाकाचा शेंडा चिमटीत धरला की कुणीतरी थाप मारतंय. आणि कानाची पाळी ओढली की तो स्वतः, कारण लहानपणी त्याचे कान सुपाएवढे होते. वडील वारले आणि ही भाषा येणारी जगात दोनच माणसं उरली. गल्लीतल्या लोकांना ‘जेवलीस का’ आणि ‘कपडे कधी देशील’ एवढं जमायचं. त्यापलीकडे सगळा आनंद.

ताई कपडे शिवायची. खिडकीशी मशीन, मशीनशेजारी स्टूल, डाव्या हाताला भिंतीशी टेकवलेली लाकडी मोजपट्टी. दोरा तुटला की तिला पायातल्या कंपनावरून कळायचं. काही हवं असलं तर ती मोजपट्टीनं भिंत ठोकायची आणि पलीकडून इस्त्रीवाली हातातलं काम टाकून यायची. सगळं सुरळीत होतं. पण बोटीवरची नोकरी लागली आणि तो तीन-तीन महिने बाहेर राहायला लागला, तेव्हा ताईचं बोलणंच बंद पडलं. नुसता आवाज पोचवणारा फोन तिला काय कामाचा? वाचता तिला फक्त आकडे यायचे, मापापुरते. त्यानं एकदा मोबाइलवर हसऱ्या चेहऱ्यांची चित्रं पाठवली, तर सुट्टीत गेल्यावर तिनं विचारलं, ही पिवळी तोंडं कुणाची, आणि यांना कावीळ कशी झाली?

तेव्हा चित्र हवं होतं, तेही हलतं आणि स्वच्छ. बोटीवर नेट म्हणजे आज आहे, उद्या नाही. तोंडानं बोलणाऱ्याचं चित्र अडकलं तरी आवाज येत राहतो, अर्ध्या वाक्यावरून माणूस ताडतो. इथे हात अडकला की बोलणंच अडकलं. ताईनं वर नेलेला हात वरच राहायचा, मग चौकोन चौकोन व्हायचे, मग एकदम ती हात खाली ठेवून त्याच्या उत्तराची वाट बघत बसलेली दिसायची. मधलं सगळं गडप. उन्हाळाभर असंच चाललं. शेवटी ताईनं नाकाचा शेंडा धरला. त्याला वेळ नाही आणि तो नेटचं निमित्त करतोय, असं तिला वाटत होतं. ते त्याला फार लागलं.

मग त्यानं मनावरच घेतलं. आधी मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बांबूला बांधला आणि बांबू उभा केला. मग टॉवरकडे तोंड करणारा अँटेना आणला, तर भरती-ओहोटीला बोट नांगराभोवती फिरायची आणि अँटेनाचं तोंड समुद्राकडे व्हायचं. मग चारी बाजूंनी पकडणारा अँटेना आणून डोलकाठीवर चढवला. तिथून खालपर्यंत लांब वायर आणली, तर निम्मा सिग्नल वायरनंच खाल्ला. खाऱ्या हवेनं जोड हिरवे पडायचे. जनरेटर बदलला की राउटर मान टाकायचा. कप्तान वैतागला. डोलकाठी तुझ्या बापाची आहे का, म्हणाला. ऑफिसला रोज पाठवायचा अहवाल कप्तानाला दोन-दोन तास बसून पाठवावा लागे. तो वायरमननं पाच मिनिटांत पाठवून दाखवला. त्यानंतर कप्तानानं डोलकाठीचं नाव काढलं नाही.

अखेर त्यानं राउटरच एका पाणी न शिरणाऱ्या डब्यात घालून वर नेला, दोन कंपन्यांची सिमं घातली, खाली स्वतंत्र बॅटरी दिली आणि सगळे जोड टेप गुंडाळून बंद केले. पहिल्या दिवशी चित्र आलं ते इतकं स्वच्छ, की ताईच्या बोटातलं अंगुस्तान दिसत होतं. तिनं आधी त्याला दाढी करायला सांगितलं.

पुढची दोन वर्षं रोज दुपारी चार वाजता, पाळी बदलायच्या वेळेला, तो खालच्या खोलीत मोबाइल टेकवून बसायचा. ताई मशीनला मोबाइल टेकवायची; घंटा तिला ऐकू येत नसे म्हणून कॉल आपोआप उचलला जाईल, अशी सोय त्यानं करून ठेवली होती. गिऱ्हाइकांच्या उखाळ्यापाखाळ्या चालायच्या. एक बाई सहा महिन्यांत दुप्पट झाली आणि कापड आटलं म्हणून भांडायला आली, हे सांगताना ताई नाकाचा शेंडा धरून इतकी हसली की स्टुलावरून पडायची बाकी राहिली. आचारी दारातून बघायचा. आमचा वायरमन मुका नाही, नुसता चुकीच्या तोंडानं बोलतो, असं तो सगळ्यांना सांगायचा.

तो दिवस इतर दिवसांसारखाच होता. वारा जरा जास्त, एवढंच. चार वाजून पाच मिनिटांनी चित्र आलं. ताई डाव्या हातानं काहीतरी सांगत होती. उजवा हात मांडीवर होता, हलत नव्हता. चेहऱ्याचीही एक बाजू हलत होती, दुसरी नाही. त्यानं कपाळाला हात लावला. चित्र अर्धं अडकलं होतं. पूर्वी असं शंभरदा झालं होतं. अर्धा पडदा चालायचा, अर्धा दगड. वाऱ्यानं वरचा जोड ढिला झाला असणार. त्यानं पंजा दाखवून ताईला खूण केली: थांब. मी नीट करतो. तिनं डाव्या हातानं पुन्हा काहीतरी सांगायला घेतलं. त्यानं पुन्हा पंजा दाखवला आणि तो वर गेला.

डोलकाठीवर त्यानं डबा उघडला. जोड पुसले, घट्ट केले, टेप बदलली. सिग्नलचे सगळे दिवे हिरवे होते, आधीपासूनच हिरवे होते. तरी त्यानं सिमं काढून परत घातली, राउटर बंद करून चालू केला. खाली आला तेव्हा पावणेपाच वाजत आले होते. त्यानं पुन्हा कॉल लावला, आणि चित्र लख्ख आलं. खिडकी दिसत होती, मशीन दिसत होतं, रिळावरचा दोरा वाऱ्यानं हलत होता. स्टूल रिकामं होतं. स्टुलाच्या पायाशी ताईच्या साडीचा काठ दिसत होता.

त्यानं इस्त्रीवालीला फोन लावला. ती धावली. नंतर पडद्यावर तिचे पाय, मग आणखी माणसांचे पाय, मग काहीच नाही.

कप्तानानं बंदराची लाँच मागवली. हॉस्पिटलमध्ये पोचायला त्याला रात्र झाली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, थकलेल्या होत्या. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती, उजवी बाजू गेली होती. त्यांनी विचारलं, हे सुरू कधी झालं, कुणी बघितलं का?

“मी बघितलं,” तो म्हणाला. “चार वाजून पाच मिनिटं झाली होती.”

“आणि फोन केलात कधी?”

“पावणेपाचला.”

त्यांनी लिहिता लिहिता मान वर केली. त्यानं अडकलेल्या चित्राचं सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “तेवढ्यानं फरक पडला असता की नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पडलाच असता, असं तुम्हीही स्वतःला सांगू नका.”

सांगू नका म्हटल्यानं कुणी थांबतं का?

तीन आठवड्यांनी ताईला घरी आणलं. डावा हात चांगला होता. त्याला वाटलं, एका हातानं बोलू, सवय होईल. पण घाव नुसता हाताला बसला नव्हता. पाणी हवं असलं की तिचा हात कानाच्या पाळीकडे जायचा. दिवा घालवायचा असला तरी कानाची पाळी, दुखत असलं तरी तीच. बाकीच्या सगळ्या खुणा पुसल्या गेल्या होत्या, ही एकच तगली होती. ती आपल्याला हाक मारते की नुसताच हात जातो, हे त्याला कळायचं नाही. आपली खूण चुकते हे मात्र तिला कळायचं, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. तो एकेक वस्तू उचलून दाखवायचा, पेला, चादर, गोळी, आणि ती मान हलवायची. कधी सातव्या वस्तूला होकार यायचा, कधी नाहीच. बिनपगारी रजा घेऊन तो चार महिने तिच्या उशाशी राहिला. त्या चार महिन्यांत ती एकदाच हसली, त्यानं मशीनवर बसून उशीचा अभ्रा वाकडातिकडा शिवला तेव्हा. पाचव्या महिन्यात तिला दुसरा झटका आला आणि ती सकाळी चहाच्या वेळेला गेली.

घर आवरायला इस्त्रीवाली आली. कपाटात लोकांच्या शिवणाची गाठोडी होती. नावं लिहिता येत नसत म्हणून ताईनं प्रत्येकावर खडूनं चित्र काढलं होतं: चष्मा, तीळ, टक्कल, गोल पोट. कोणतं कुणाचं, हे तोच सांगू शकत होता. तो सांगत गेला, इस्त्रीवाली वेगळं ठेवत गेली. मध्येच तिचं लक्ष मोजपट्टीकडे गेलं.

“एक गोष्ट मला राहून राहून खटकते रे,” ती म्हणाली. “पट्टी तिच्या डाव्या हाताला होती. मी पलीकडेच होते सबंध दुपार. भिंत का नाही ठोकली तिनं?”

तो हातातलं गाठोडं नुसतं धरून राहिला.

“मी तिला थांब म्हटलं होतं, काकू,” तो म्हणाला. “दोनदा म्हटलं.”

इस्त्रीवालीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग तिनं गाठोडी उचलली आणि ती ज्याची त्याला पोचवायला बाहेर पडली.

तो बोटीवर परत गेला. दुसरीकडे जाऊन तरी काय करणार? नेट उत्तम चालत होतं. सगळेच आता त्यावर घरी बोलायचे आणि वायरमनचे उपकार मानायचे. त्याला ते ऐकवत नसे. कुणी चित्र अडकलं म्हणून सांगत आलं की तो डोलकाठीकडे बघायचाही नाही. आधी घरच्यांच्या शेजाऱ्याचा नंबर मागायचा आणि तिथे फोन करून आत जाऊन बघायला सांगायला लावायचा. एकदा आचाऱ्याची म्हातारी आई पडद्यावर दहा मिनिटं निश्चल दिसली. शेजारी जाऊन बघतो तर ती बसल्या बसल्या झोपलेली. आचाऱ्याला हसू आलं, पण वायरमनचा चेहरा बघून त्यानं ते गिळलं.

दर पंधरा दिवसांनी वायरमन वर चढतो, डब्यावरचं मीठ पुसतो, जोड बघतो. चार वाजता मात्र तो खाली पंपांपाशी असतो. लोखंडाच्या त्या पोटात नेट पोचत नाही, आणि पंपांच्या घरघरीत कुणाला काही सांगायचं झालं तर ते हातानंच सांगावं लागतं.