तीस पायऱ्यांचं गणित

मुलाने ब्राझीलहून कडू हिरवा चहा आणला. त्याच्या वाळल्या गवतासारख्या वासाने मला ऐंशीच्या दशकातला कतारमधल्या मेसईदचा पोलाद कारखाना आणि तिथे माझ्यासोबत काम करणारा, हाच चहा पिणारा पावलो आठवला. त्याचं गाव नदीकाठी होतं. अलीकडे ब्राझीलची भातशेती आणि गुरं, पलीकडे अर्जेंटिना.

एकदा त्याला गावाला पूर आल्याची तार आली. “घर नदीपासून तीस पायऱ्या वर आहे. आई एकटी. पाणी पोचेल?” त्याने विचारलं.

सहा इंचांची पायरी धरून मी म्हणालो, “पंधरा फूट. नाही पोचणार, इन्शाल्ला.”

“माझ्या गावची पायरी तू मोजलीस कधी?”



तीन आठवड्यांनी पत्र आलं. घर बुडालं होतं. आई आदल्याच दिवशी नावेतून पलीकडे अर्जेंटिनात आपल्या बहिणीकडे गेली होती. व्हिसाशिवाय न हलणाऱ्या आम्हा दोघांना तो रस्ता सुचलाच नव्हता.