बे महादेवा

महादेवाच्या देवळासमोर टँकर आला की तो ब्रेक दाबायचा. इंजिन चालूच. काच खाली, मान बाहेर, एका हातानं टोपी मागं सरकवायची आणि गाभाऱ्याच्या दिशेनं एकच प्रश्न, "काय बे, बरंय का?" मग जरा थांबायचा. आतून उत्तर यायला जेवढा वेळ द्यावा तेवढा. मिळालं असं वाटलं की मान हलवून गिअर टाकायचा.

देवाला नमस्कार करणारी माणसं तुम्ही खूप पाहिली असतील. लोटांगण घालणारी, कान धरणारी, चालत्या मोटारसायकलवरून छातीला बोट लावून मोकळी होणारी. मी या शेवटच्या पंथातला. पण देवाला 'बे' म्हणणारा मी तेवढा एकच पाहिला. आणि तेही रागानं नाही. शाळेत एका बाकावर बसलेल्याला म्हणतात तसं.

आष्टीच्या अंगाला आमचं गाव. गावात दूध संस्था. संस्थेचा मी सेक्रेटरी आणि तो टँकरचा ड्रायव्हर. मी बी.ए. मराठी, ही गोष्ट कुणी विचारली नाही तरी मी सांगत असे. तो बारावी, ही गोष्ट विचारली तरी तो सांगत नसे. घराणं मेंढपाळांचं. कविता स्टिअरिंगवर करायचा आणि दुधाचे कॅन उतरवताना म्हणून दाखवायचा. सगळ्या कविता देवाशी. देवाविषयी नव्हे, देवाशी. सोमवार कडक पाळायचा, नुसता श्रावणातला नाही, बारा महिन्यांचा. टपावर बेलाची डहाळी खोचलेली असायची.

"एवढी भक्ती करतोस आणि एवढं भांडतोस, ते कशापायी?" मी एकदा विचारलं.

"सोयरिक हाय म्हणून," तो म्हणाला. "परक्याशी कोन भांडतंय, शेक्रेटरी?"

घाटनांदूरला एका कविसंमेलनात मीच त्याची शिफारस केली होती. निवेदकानं त्याला 'भक्तिकवी' म्हणून उठवलं. पहिली कविता झाल्यावर तोच निवेदक चाचरत म्हणाला, "आता आपले... आपले नास्तिक कवी दुसरी रचना सादर करतील." हा माईकवर म्हणाला, "डायवर म्हना. दोन्हीकडं चालतंय." त्या संमेलनाला पुढं मला श्रोता म्हणूनसुद्धा बोलावलं नाही.

मग तो दुष्काळ आला. जनावरं बाजारात गेली, दूध आटलं, संस्थेचा टँकर रिकामा उभा राहिला. तेव्हा तालुक्याहून हुकूम आला, टँकर धुवा आणि वाड्यावस्त्यांना पाणी वाटा. आम्ही धुतला. पण वर्षानुवर्षं दूध प्यालेलं लोखंडी पिंप, पाण्याला वास यायचाच. वस्त्यांवरची मांजरं टँकरमागं पळत यायची, सांडलेल्याला तोंड लावायची आणि आमच्याकडं अशी बघायची, की संस्थेवर माझा उरलासुरला विश्वास त्या नजरेनंच गेला.

आमच्याकडं पाऊस फारच रुसला की महादेव कोंडतात. गाभारा खोल आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. पाणी बाहेर जायची मोरी बारदानानं बुजवायची आणि पिंड बुडेपर्यंत आत पाणी भरायचं. देवाचा जीव गुदमरला की तो पाऊस सोडतो, असा जुना समज. पूर्वी विहिरीवरून घागरी यायच्या. त्या साली विहिरीत घागर टेकायची, बुडायची नाही. म्हणून आमच्या चेअरमननी जाहीर केलं, "येत्या सोमवारी संस्थेचा टँकर महादेवाला!"

सोमवार हा माळावरच्या वस्तीच्या पाळीचा दिवस होता. धडधाकट माणसं कामाच्या शोधात शहराकडं गेलेली, मागं म्हातारी-कोतारी आणि शेळ्या. आठवड्यातून एकदा टँकर गेला तर त्यांचं भागायचं. हे मला माहीत होतं. चेअरमनना माहीत होतं. बोललं कुणीच नाही, कारण मधे देव होता.

कार्यक्रम म्हटला की फ्लेक्स आला आणि फ्लेक्स म्हटला की मी. चेअरमन म्हणाले, "खाली आपल्या डायवरची एखादी ओवीबिवी टाका. संस्थेचा कवी, संस्थेचा टँकर, शोभा येईल." मी त्याला गाठलं. तो टायर बदलत होता. स्पॅनर न थांबवता त्यानं म्हणून दाखवलं,

"बे महादेवा, डोळं उघड
बे महादेवा, खाली बघ
बे महादेवा, सोड गंगा..."

पुढं अजून होतं. पण चेअरमनांचा फोटो डोक्यापासून चपलेपर्यंत घेतल्यामुळं फ्लेक्सवर जागा तीनच ओळींची उरली होती. मी तेवढंच उतरून घेतलं आणि निघालो. वाटेत माझ्यातला बी.ए. मराठी जागा झाला. देवाला 'बे'? बिचाऱ्याला व्याकरण ठाऊक नाही. मी तीन ठिकाणी 'बे' खोडून 'हे' केलं आणि 'डोळं'चं 'डोळे'. आता वाचा, "हे महादेवा, डोळे उघड. हे महादेवा, खाली बघ." आरतीच्या पुस्तकात घालावी अशी कविता झाली. चेअरमन वाचून गहिवरले. मला म्हणाले, "सेक्रेटरी, माणूस भक्त निघाला!" मी नम्रपणे मान खाली घातली. एका अक्षरात एवढी क्रांती मी आयुष्यात पुन्हा केली नाही. म्हणजे केली, पण ती पुढं सांगतो.

सोमवारी सकाळी सगळं गाव देवळापुढं. भजनी मंडळ, हार, चेअरमनांच्या खांद्यावर नवं उपरणं. टँकर आला, भरलेला. तो खाली उतरला, फ्लेक्ससमोर उभा राहिला आणि बोट फिरवत एकेक शब्द वाचला. मग माझ्याकडं वळला.

"शेक्रेटरी, हे कुनी केलं?"

"मीच. जरा शुद्ध केलं."

"आवो, 'हे महादेवा' म्हणाया मी काय नाटकातला ऋषी हाय व्हय?"

आणि माईक न घेताच, टँकरच्या पायरीवर चढून त्यानं अख्खी कविता म्हटली. पहिल्या 'बे'ला भजनी मंडळाचा टाळ थांबला. दुसऱ्या 'बे'ला एक म्हातारा खुदकन हसला. आणि मग त्या ओळी आल्या, ज्यांना फ्लेक्सवर जागा नव्हती,

"तुला बुडवाया पानी मागत्यात
ज्याला प्याया न्हाई, त्याच्या घरचं
बे महादेवा, तूच सांग
देऊ का?"

चेअरमन लाल झाले. "देवाला बे म्हणतोस? जीभ झडंल!"

"त्यो जिभेचा राग धरनारा असता, साहेब, तर निम्मं गाव मुकं फिरलं असतं."

"लई झालं. पाइप जोड."

"न्हाई जोडनार. आज पाळी वस्तीची हाय."

"देवापेक्षा वस्ती मोठी का?"

"मला काय ठावं? इचारून येतो," तो म्हणाला. टँकरच्या तोटीतून तांब्या भरून घेतला, वहाणा काढल्या आणि गाभाऱ्याच्या पायऱ्या उतरला. सगळं गाव दाराशी वाकून बघत होतं. त्यानं पिंडीवर धार धरली, सावकाश, लहान लेकराला न्हाऊ घालताना धरतात तशी. दोन्ही हात पिंडीवर टेकवून थोडा वेळ बसला. वर आला तेव्हा डोळे ओले होते. पण आवाज कोरडा ठणठणीत.

"बास म्हणला. बाकीचं घिऊन जा म्हणला."

"तुला म्हणला?" चेअरमन ओरडले.

"तुमी जाऊन इचारा. तुमाला काय म्हणतोय बघा."

चेअरमन पायऱ्यांपर्यंत गेले. खरं सांगतो, गेले. पण उतरले नाहीत. वळून म्हणाले, "चावी ठेव. उद्यापासून कामावर यायचं न्हाई."

"उद्यापासून ना?" तो केबिनमध्ये चढला. "म्हंजी आज अजून हाय."

इंजिन सुरू झालं. "सेक्रेटरी, अडवा त्याला!" असा हुकूम सुटला. मी संस्थेचा पगारी नोकर. धावत जाऊन दोन्ही हात पसरून टँकरसमोर उभा राहिलो. त्यानं मान बाहेर काढली. "आता हुबं काय ऱ्हायलात? चढा बिगी. पाइप धराया मानूस पायजे." आणि मी चढलो. त्याला अडवायला चढलो की पाइप धरायला, हे चेअरमननी पुढं बऱ्याचदा विचारलं. त्यांना मी दर वेळी निराळं उत्तर दिलं आहे.

वस्तीवर हंडे, घागरी, तेलाचे डबे, एक फुटकी बादलीसुद्धा रांगेत मांडून ठेवलेली. रांगेच्या तोंडाशी बसलेल्या आजीनं ओंजळ लावली, घोट घेतला आणि नाक मुरडलं. "डायवर, पान्याला दुधाचा वास येतुय."

"महादेवाचं उष्टं हाय, आजी. पी."

आजीनं उरलेली ओंजळ डोळ्यांना लावली आणि मग प्याली. मी पाइप धरला होता. निम्मं पाणी माझ्या पायजम्यावर गेलं, ते सोडून द्या.

आता तुम्ही विचाराल, पाऊस आला का? नाही आला. त्या साली आलाच नाही. गावानं खापर त्याच्यावर फोडलं. हॉटेलात त्याच्या बाकावर कुणी बसेना. तो देवळावरून जायचा, आता पायी, आणि थांबून म्हणायचा, "बघ बे, तुझ्यापायी काय काय ऐकावं लागतंय." महादेवाशी बोलणं त्यानं एक दिवसही सोडलं नाही. गावाशी मात्र कमी केलं. मग मेव्हण्याच्या भागीत जुना ट्रक घेतला आणि रस्त्याला लागला.

मला वाटलं, आपण काहीतरी केलं पाहिजे. म्हणून त्याचा कवितासंग्रह काढायचं मनावर घेतलं. तो फोनवर सांगायचा, मी संस्थेच्या कॉम्प्युटरवर टाइप करायचो. माझी बोटं जन्माची शुद्ध, तो 'हाय' म्हणाला की 'आहे' उमटायचं आणि 'बे' आला की आपोआप 'हे'. प्रेसला द्यायच्या आदल्या दिवशी त्यानं दम भरला, "येक बी 'हे' दिसला ना, शेक्रेटरी, तर ट्रक घिऊन हापिसात घुसंन."

शेकडो जागा. कोण शोधणार? मी कॉम्प्युटरला आज्ञा दिली, जिथं जिथं 'हे' असेल तिथं 'बे' कर. क्षणात झालं. विज्ञानाला नमस्कार करून मी चहाला गेलो.

पुस्तकाचं प्रकाशन मांजरसुंब्याच्या ढाब्यावर, मी, तो आणि दोन चहा. त्यानं पुस्तक उघडलं. पानं उलटत गेला. मग पान माझ्यापुढं धरलं. 'देव बाहेर काढा' होतं, तिथं 'देव बाबेर काढा' छापलेलं. प्रस्तावनेत मी संस्थेच्या चेअरमन साहेबांचे आभार मानले होते, ते 'चेअरमन साबेबांचे' झाले होते. कॉम्प्युटरनं 'आहे'च्या पोटातला 'हे'सुद्धा सोडला नव्हता. अख्ख्या पुस्तकात 'आहे' हा शब्दच उरला नव्हता. आणि शेवटच्या पानावर, जिथं सगळी भांडणं संपून मोकळ्या जागेत त्यानं एकच ओळ ठेवली होती, 'देव आहे', तिथं छापलं होतं,

देव आबे

मला जमीन दुभंगावी असं झालं. "सगळ्या प्रती मागं घेतो," मी पुटपुटलो. "शुद्धिपत्र लावतो."

तो हसायला लागला. चहा बशीतून टेबलावर, टेबलावरून माझ्या त्याच पायजम्यावर. हसून झाल्यावर त्यानं बोट त्या ओळीवर ठेवलं.

"बाकीचं काय करायचं ते करा," तो म्हणाला. "ह्याला हात लावू नगा. 'देव हाय' असं कुनीबी म्हणतंय. म्हणलं की इषय संपला, मानूस झोपाया मोकळा. पन 'आबे' म्हंजी हाक झाली. हाक मारली की मग थांबावं लागतंय."

पुढच्या खेपेला त्याच्या ट्रकच्या पाठीमागं, जिथं बाकीचे लोक आईवडिलांचा आशीर्वाद लिहितात, तिथं पिवळ्या अक्षरांत 'देव आबे' होतं.

तो गेला, त्यालाही आता काही वर्षं झाली. छातीत कळ आली तेव्हा भरला ट्रक चालवत होता. गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मगच गेला. ट्रक कुणाला तरी विकला.

परवा मांजरसुंब्याला त्याच ढाब्यावर बसलो होतो. समोर एक ट्रक उभा. रंग नवा, मालकाचं नाव नवं. आणि पाठीमागं, नव्या रंगाच्या मधोमध, जुन्या पिवळ्या अक्षरांत तीच ओळ. मी दाढी खाजवत असलेल्या ड्रायव्हरकडं गेलो.

"मागं चूक आहे," मी म्हणालो. "'आहे' पाहिजे."

"समदेच सांगत्यात," तो कंटाळून म्हणाला. "येक मास्तर तर खडू घिऊन आलते."

"मग पुसलं का नाही?"

"पुसनारच हुतो. पन येकदा घाटात गाडी बंद पडली. लोड भरल्याला, ऊन ह्ये असं. काय करावं सुधरंना. मागं जाऊन बसलो, डोक्यावर ही वळ. वाचली आन वरडलो की, 'आबे!'"

"मग? गाडी सुरू झाली?"

"कशाची हुतीय? मेकॅनिक आला तवा झाली." तो केबिनमध्ये चढला. "पन तवर येकटं वाटलं न्हाई."

ट्रक धूळ उडवत वळणाला लागला. ती पिवळी अक्षरं लहान होत गेली. मराठी भाषेत माझ्या हातून उतरलेली ती एवढीच ओळ. मी टोपी मागं सरकवायला हात वर नेला. टोपी मी घालत नाही, हे तेव्हा लक्षात आलं. मग तसाच, उघड्या डोक्यानं म्हणालो,

"काय बे, बरंय का?"

आणि जरा थांबलो.