सस्कॅचवानचं लाल फूल

आमच्या यजमानांचे मावसभाऊ ज्या गोष्टीला घाबरत नाहीत, ती अजून निर्माण व्हायची आहे. इंग्लंडातल्या मेडनहेडचे हे भाऊजी पेशाने भूलतज्ज्ञ. जन्मभर इतरांना धीर देऊन झोपवलं, स्वतः मात्र घर तापवणाऱ्या बॉयलरचा आवाज बदलला तरी रात्रभर जागे. ट्रेनमध्ये दाराजवळ बसायला घाबरतात आणि दारापासून लांब बसायलाही. म्हणून बहुधा उभेच असतात.

बायको गेल्यावर एकुलती एक मुलगी नोकरीसाठी कॅनडात, सस्कॅचवान प्रांतात गेली. भाऊजींनी त्या प्रांताच्या मानचिन्हांची यादी छापून फ्रिजवर लावली आणि धोक्याच्या सूचनेसारखी पाठ केली. प्राणी, हरीण: "गाडीसमोर येतं." खेळ, बर्फावरून धोंडे सरकवणं: "घोट्यावर बसला तर?" जीवाश्म, टी-रेक्स डायनासोर.

"अहो, तो केव्हाच मेलाय," मी म्हटलं.

"तेच म्हणतोय वहिनी! एवढं धूड टिकलं नाही तिथे, आपली पोर कशी टिकणार?"

फूल, लाल लिली. ती तोडायला कायद्याने बंदी, हे त्यांनी लाल शाईने अधोरेखित केलेलं.

मुलीला बाळ झालं. ती "या ना बाबा" म्हणून रडली, पण विमानाच्या भीतीने भाऊजी गेले नाहीत. मग बारशाचा फोटो आला. पाळण्याला ठसठशीत लाल लिली बांधलेली! पाच मिनिटांत माझा फोन वाजला.

"वहिनी, तोडलं हो तिनं! हिची आई देवासाठी मेडनहेडभर लोकांच्या कुंपणावरची फुलं तोडायची, रक्तातच आहे! आता हिला पकडून नेलं तर बाळाला कोण बघणार?"

मी लगेच पुतणीला फोन लावला.

"काकू, तो फूल प्लास्टिकचा आहे! बाबांना सांग, चिल."

सांगायला फोन केला, तर भाऊजी आधीच बोलू लागले. "तिकीट काढलं. शनिवारचं." मी उघडलेलं तोंड मिटलं.

हीथ्रोला सोडलं तेव्हाही ते बाकावर न बसता उभेच होते. मी काही हळवी बाई नाही. पण विमान उतरेपर्यंत मला घास गिळवला नाही. वाटेत भाऊजींना काही झालं असतं, तर ते माझ्या गप्प बसण्याने झालं असतं.

दुसऱ्या दिवशी फोन आला. फुलाबद्दल अवाक्षर नाही.

"वहिनी, फारच लहान आहे हो बाळ. उचलायची भीती वाटते."

"मग?"



"उचललंय," ते अगदी हळू म्हणाले.