कडेचा माणूस अर्धा येतो

१९५८ सालचा मे महिना, परळच्या एका शाळेचं सभागृह, माझ्या बहिणीचं लग्न. फोटोंचे ठरलेले रुपये छत्तीस: बारा फोटोंच्या बारा काचेच्या प्लेटी, प्लेटीला तीन. ठरवताना हजर तिघं: माझे वडील, हिशेब ठेवणारा मी आणि लालबागचे फोटोमास्तर. इतकं सहज खोटं बोलणारा दुसरा सज्जन मी पाहिलेला नाही.

मास्तर अंगाने किरकोळ, आवाज त्याहून किरकोळ. पण ते कधी ओरडत नसत. "लग्नातला माणूस हुकूम ऐकत नाही," ते म्हणत, "नुकसान ऐकतो." पुढची खुर्ची मिळाली नाही म्हणून वरमाईची जाऊ रुसली, तेव्हा मास्तर तिला हळूच म्हणाले, "बसलेल्या बाईच्या लुगड्याचे काठ दिसत नाहीत हो. उभ्या बाईचे सगळे येतात." ती हसून उभी राहिली. पण ते ऐकून बसलेल्या दोघीही उठल्या. त्यांना पुन्हा बसवायला दहा मिनिटं गेली.

मुलाकडचे दोन मामा, मुंबई महाराष्ट्राला किती दिवसांत मिळेल, यावर हमरीतुमरीवर आले होते. मास्तरांनी कॅमेऱ्याच्या काळ्या कापडातून डोकं बाहेर काढलं. "मिळवायचीच आहे, मामा. तोवर या चौकटीत तरी संयुक्त व्हा!" मामा जागेवर आले.

आमच्या घरचं कोडं मात्र अवघड होतं. आजोबांची नायगावची खोली कोणाच्या नावावर व्हावी, यावरून वडील आणि त्यांचे थोरले भाऊ अण्णा यांच्यात सात वर्षं अबोला होता. अण्णा भोईवाड्याहून लग्नाला आले, अक्षता टाकल्या आणि खांबाआड जाऊन बसले. वडील मास्तरांना इतकंच म्हणाले, "एका फोटोत अण्णा हवा."

"तुमच्याबरोबर?"

"ते तुम्ही बघा."

बारावी प्लेट आमच्या घरच्यांची. मास्तरांनी दोघा भावांना दोन टोकांना बसवलं. दोघंही खूश. मग मास्तर कापडात शिरले आणि बाहेर आले. "कडेचा माणूस अर्धा येतो. भरल्या अंगाची माणसं आत घ्या, सुकी पोरं कडेला." दोघं भाऊ एकेक खुर्ची आत सरकले. मास्तर पुन्हा कापडात, पुन्हा बाहेर. "अजून अर्धेच!" असं तीनदा झालं, आणि चौथ्यांदा दोघांचे खांदे एकमेकांना टेकले.

"आता कोणी हलू नका."

"सरक जरा," अण्णा समोर बघतच म्हणाले. "हात अडकलाय माझा."

"तूच सरक, अण्णा. सात वर्षं लांबच बसलायस."

दोघांच्या माना वळल्या, आणि नेमकं तेव्हाच मास्तरांनी बटण दाबलं.

फोटोत सगळे नीट आले, त्या दोघांचे चेहरे तेवढे हलले. मास्तरांनी तेहतीस रुपयेच घेतले. हलल्या प्लेटीचे पैसे ते घेत नसत. "मला हवी होती ती तीच प्लेट," म्हणून वडिलांनी मला तीन रुपये देऊन पाठवलं. मास्तर म्हणाले, "नको म्हटलं तरी अण्णा कालच देऊन गेले."

हे ऐकल्यावर वडिलांनी टोपी घातली आणि मला घेऊन चालत भोईवाडा गाठला. दारातच त्यांनी पैसे धरलेला हात पुढे केला. "माझ्या वाटणीचा दीड रुपया."

"कसला? मी लालबागला गेलोच नाही," अण्णा म्हणाले. पण तोवर काकूने चहाचं आधण ठेवलं होतं. वडील बसले.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो. "मास्तर, साफ खोटं बोललात."

"अहो, कडेचा माणूससुद्धा अख्खाच येतो," ते भिंग पुसत म्हणाले. "लेन्स रुंद आहे माझी."

आता दोघं भाऊ नाहीत, मास्तरही नाहीत. नीट आलेले अकरा फोटो पेटीत आहेत, हललेला भिंतीवर. त्याचे तीन रुपये मास्तरांना अखेर घ्यावेच लागले: दीड वडिलांचा, दीड अण्णांचा. एकूण छत्तीस. ठरले होते तेवढेच.